पोलादाचा पुरुषार्थ

'बिस्मार्क' या जर्मन बॅटलशिपचा कप्तान एर्न्स्ट लिंडेमान याने आपल्या अधिकाऱ्यांना सांगून ठेवले होते, की या जहाजाचा उल्लेख पुल्लिंगीच करायचा. जर्मन भाषेत जहाजाचे नाव स्त्रीलिंगी चालते, इंग्रज खलाशीही आपल्या जहाजाला 'ती' म्हणतो. पण एवढ्या बलाढ्य जहाजाला 'ती' म्हणणे लिंडेमानला पटत नव्हते. बिस्मार्कवरून जिवंत सुटलेल्या सर्वांत वरिष्ठ अधिकाऱ्याने, म्युलेनहाइम-रेखबर्गने, ही आठवण लिहून ठेवली आहे. पंधरा इंची आठ तोफा, दोन हजारांवर माणसे, पूर्ण भारासह सुमारे पन्नास हजार टन वजन असा तो ऐवज. लोखंडाला बाई-पुरुष असा भेद नसतो. तरीही एका शहाण्या, अनुभवी, तोफखान्यात तज्ज्ञ मानल्या गेलेल्या कप्तानाला आपले जहाज पुरुष असावे असे वाटले. ते का वाटले, याचा शोध घ्यावा म्हणून हे पुस्तक लिहिले.

बॅटलशिप म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे कुठल्याही लढाऊ जहाजाला युद्धनौका म्हणण्याची पद्धत आहे. आरमारातल्या सर्वांत जड तोफा आणि सर्वांत जाड चिलखत ज्या जहाजावर, ती बॅटलशिप. तिच्या जवळची बहीण बॅटलक्रूझर. तिच्या तोफा तशाच मोठ्या, वेग जास्त आणि चिलखत पातळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत देशाची ताकद मोजायची ती या जहाजांच्या संख्येवरून. आज अण्वस्त्रांची मोजदाद होते तशी तेव्हा बॅटलशिपांची होई. फरक एवढाच की अण्वस्त्रे कोणी बंदरात उभी करून लोकांना दाखवत नाही. बॅटलशिप दाखवण्यासाठीच असे. माझे म्हणणे या पुस्तकात थोडक्यात असे आहे: या जहाजांचे पौरुष लढाईत फार कमी वेळा कामी आले. ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होते. ते तिथे टिकावे म्हणून सरकारांनी पैसा आणि माणसे दोन्ही खर्ची घातली.

त्या आकाराची मोहिनी खरी आहे, हेही इथेच सांगतो. ती नाकारून या विषयावर लिहिता येणार नाही. 'हूड' या ब्रिटिश बॅटलक्रूझरचे जुने छायाचित्र पाहा. २६२ मीटर लांबीचे ते जहाज पाण्यात इतके खाली बसलेले आणि इतके लांबट आहे, की उभे असतानाही ते वेगात असल्यासारखे वाटते. पुढे दोन बुरूज, दुसरा पहिल्याच्या डोक्यावरून पाहणारा, मग मनोरा, दोन धुराडी, आणि मागे पुन्हा तसेच दोन बुरूज. नजर आपोआप मध्यावर चढते आणि दुसऱ्या बाजूने उतरते. देवळाच्या शिखराची रचना ज्याने डोळे भरून पाहिली आहे, त्याला हे चढणे-उतरणे ओळखीचे वाटेल. ही रचना चिलखताच्या आणि तोफांच्या हिशेबातून आली हे खरे. पण जहाजे रेखाटणाऱ्यांना आणि मंजूर करणाऱ्यांना आपण काय उभे करतो आहोत, ते कसे दिसणार आहे, याचे पुरते भान होते.

आजच्या ओळखीची बॅटलशिप जन्मली पोर्ट्‌स्मथच्या गोदीत. 'ड्रेडनॉट'चा सांगाडा २ ऑक्टोबर १९०५ रोजी मांडला गेला आणि १० फेब्रुवारी १९०६ रोजी राजा सातव्या एडवर्डच्या हस्ते तिचे जलावतरण झाले. ब्रिटिश आरमाराचा प्रमुख, 'फर्स्ट सी लॉर्ड' जॉन फिशर याने सामान आधीच साठवून ठेवले होते, आणि एक वर्ष आणि एका दिवसात जहाज चाचणीला निघाले असा गाजावाजा झाला. तोवरच्या बॅटलशिपांवर मोठ्या तोफा चार आणि बाकी लहानमोठ्या मापांच्या असत. ड्रेडनॉटवर बारा इंची दहा तोफा होत्या, आणि वाफेच्या टर्बाइनवर ती २१ नॉट धावे. त्या दिवसापासून जगातली प्रत्येक बॅटलशिप, ब्रिटनच्या स्वतःच्या सुद्धा, जुनी झाली. नावाचा अर्थ 'कशालाही न भिणारी'. ब्रिटिश आरमाराची त्या काळातली नावे एकापाठोपाठ वाचली तर आखाड्यातल्या पैलवानांची यादी वाचल्यासारखे वाटते: अजिंक्य, अदम्य, अथक, दिग्विजयी, हर्क्युलीस.

आता या जहाजाचा एक तपशील जवळून पाहू. तोफांचा मारा कुठे पडतो हे उंचावरून पाहणारी चौकी ड्रेडनॉटच्या पुढच्या डोलकाठीवर होती. ती तिपाई डोलकाठी बसवली होती पहिल्या धुराड्याच्या मागे. जहाज वेगात निघाले, की धुराड्यातला तापलेला धूर थेट त्या चौकीवर येई. ज्या माणसांच्या नजरेवर दहा तोफांचा नेम अवलंबून, तीच माणसे धुरात डोळे चोळत बसत. होड्या उचलण्याच्या सोयीसाठी डोलकाठी तिथे ठेवली होती, आणि पुढच्या काही जहाजांतही हाच दोष पुन्हा आला. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ती तिपाई आणि त्यामागचा काळा लोट यांनी जहाज अधिकच उग्र दिसे.

दिसण्याचे हे महत्त्व आरमाराच्या हाडीमासी भिनलेले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ब्रिटिश बॅटलशिपांचा रंग काळा, पांढरा आणि पिवळसर असे. अमेरिकन जहाजे पांढरीशुभ्र असत. १९०७ ते १९०९ या काळात थिओडोर रूझवेल्टने सोळा पांढऱ्या बॅटलशिपा जगाच्या फेरीवर पाठवल्या. अमेरिकन पुरुषाने कष्टाचे, झुंजीचे आयुष्य जगावे, नाहीतर राष्ट्र मऊ पडेल, अशी व्याख्याने देणारा हा माणूस. त्याच्या मनातला पुरुष त्याने समुद्रावर पाठवला होता. त्याच १९०७ मध्ये ब्रिटनमध्ये एक प्रसंग घडला. जर्मन कैसर आरमार पाहायला येणार म्हणून सगळी जहाजे रंगवायचे फर्मान निघाले. नेमबाजीच्या सुधारणेसाठी आयुष्य वेचलेल्या पर्सी स्कॉटने आपल्या एका जहाजाला सरावावरून परत बोलावताना निरोप दिला, की नेमबाजीपेक्षा रंगरंगोटीला मागणी दिसते, तेव्हा वेळेत येऊन नटूनथटून घ्या. वरिष्ठ सेनानी बेरेसफर्ड खवळला आणि प्रकरण वर्तमानपत्रांपर्यंत गेले. 'नटणे' हा शब्द झोंबला, कारण तो खरा होता.

कैसर विल्हेल्म दुसरा या पुस्तकात पुन्हा पुन्हा भेटेल. जन्माच्या वेळी इजा होऊन त्याचा डावा हात कायमचा अधू झाला होता, आणि छायाचित्रांत तो हात दिसू नये याची तो आयुष्यभर काळजी घेई. गणवेशांचा त्याला अतोनात सोस. आजी व्हिक्टोरियाने १८८९ मध्ये ब्रिटिश आरमाराचा मानद अ‍ॅडमिरल केल्यावर त्या गणवेशाने तो हरखून गेला. युद्धनौकांची रेखाटने तो स्वतः काढी. १८९८ आणि १९०० च्या कायद्यांनी आरमारमंत्री टिर्पिट्झने त्याला आरमार उभारून दिले, आणि जर्मनीतल्या घरोघरी मुलगे खलाशाचा पोशाख घालून फिरू लागले. ब्रिटनमध्ये ही पद्धत आधीच रुजली होती. १८४६ मध्ये राजपुत्राचे खलाशी पोशाखातले चित्र निघाले तेव्हापासून. हात अधू म्हणून तोफा जमवल्या, असा सोपा निष्कर्ष मी काढणार नाही. आरमाराच्या शर्यतीमागे व्यापार होता, वसाहती होत्या, संसदेतली गणिते होती. परंतु युद्ध सुरू झाल्यावर याच कैसरने आपली लाडकी जहाजे धोक्यात घालायला सतत नकार दिला, हे विसरता येत नाही. ज्या आरमारासाठी ब्रिटनशी वैर घेतले, ते बहुतेक काळ बंदरात उभे राहिले आणि २१ जून १९१९ रोजी ब्रिटनच्या स्कापा फ्लो तळावर नजरकैदेत असताना आपल्याच खलाशांच्या हातून बुडाले. जे मिरवायचे ते गमावण्याची भीती इतकी मोठी, की वापरणेच अशक्य व्हावे. हे पुढे बिस्मार्कच्या धाकट्या भावाबाबत, नॉर्वेच्या खाड्यांत दडून राहिलेल्या 'टिर्पिट्झ'बाबत, पुन्हा घडले.

या पौरुषाची किंमत कोण मोजत होते, हे मला सर्वांत स्पष्ट दिसते ते ब्राझीलमध्ये. या प्रकरणाला मी पुस्तकात सर्वाधिक पाने दिली आहेत. १९१० मध्ये ब्राझीलने इंग्लंडमध्ये बांधलेली 'मिनास जेराइस' ताब्यात घेतली. बारा इंची बारा तोफांची ती जगातल्या सर्वांत शक्तिमान जहाजांपैकी एक होती, आणि काही काळ युरोप-अमेरिकेचे डोळे रिओकडे वळले. या जहाजावरचे खलाशी बहुतांशी कृष्णवर्णीय होते. त्या देशात गुलामगिरी संपून जेमतेम बावीस वर्षे झाली होती, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली आरमारात चाबूक तसाच चालू होता. त्या नोव्हेंबरात मार्सेलिनो रोड्रिगेस या खलाशाला सहकाऱ्यांसमोर २५० फटके मारण्यात आले. २२ नोव्हेंबरच्या रात्री खलाशांनी जहाजे ताब्यात घेतली, कप्तान मारला गेला, आणि जोआंव कांदिदू या खलाशाने मिनास जेराइसच्या तोफा राजधानीकडे वळवल्या. मुख्य मागणी: चाबूक बंद करा. विसाव्या शतकातले सर्वांत आधुनिक यंत्र चालवणाऱ्या माणसाला गुरासारखे बडवता येणार नाही, एवढेच त्यांना सांगायचे होते. त्यांनी ती अवाढव्य जहाजे अधिकाऱ्यांशिवाय सफाईने चालवून दाखवली. सरकारने माफी दिली, आणि लवकरच मोडली. कांदिदूला इल्हा दास कोब्रास बेटावरच्या कोठडीत डांबले. तिथे चुन्याच्या भुकटीने गुदमरून अठरांपैकी सोळा जण मेले, तो वाचला. पुढची कित्येक वर्षे तो रिओच्या बाजारात मासळी विकून जगला आणि १९६९ मध्ये वारला. बॅटलशिपच्या इतिहासात पौरुष हा शब्द मी मनापासून कोणासाठी वापरीन, तर या माणसासाठी.

त्याच वर्षी, ७ फेब्रुवारी १९१० रोजी, इंग्लंडमध्ये ड्रेडनॉटवर 'अबिसिनियाचे राजपुत्र' आले. आरमाराने लाल गालिचा अंथरला, मानवंदना दिली, जहाज फिरवून दाखवले. ते होते लंडनचे सुशिक्षित तरुण, चेहरे काळे रंगवलेले. आणि खोटी दाढी लावलेला त्यांतला एक राजपुत्र म्हणजे अठ्ठावीस वर्षांची व्हर्जिनिया स्टीफन, पुढे व्हर्जिनिया वुल्फ म्हणून जगाला माहीत झालेली लेखिका. जहाजावर तिचा चुलत भाऊच अधिकारी होता, त्यालाही ओळख पटली नाही. चेहरे काळे करण्यातला वंशभेद आज खटकतो, आणि खटकलाच पाहिजे. तरी जिथे पाहुणी म्हणून येण्यापलीकडे बाईला स्थान नव्हते, त्या जहाजावर एक बाई पुरुषाच्या वेषात सन्मानाने हिंडून आली. आरमाराच्या काही अधिकाऱ्यांनी नंतर या टोळीतल्या तरुणांना गाठून पार्श्वभागावर छडीचे प्रतीकात्मक फटके दिले. अब्रू भरून काढायला त्यांना हाच मार्ग सुचला. १९३८ मध्ये वुल्फने 'थ्री गिनीज' लिहिले. पुरुषांचे भरजरी गणवेश, पदके, मिरवणुका यांचे युद्धाशी काय नाते आहे, याचा तिने त्यात घेतलेला शोध मला आजही अपुरा वाटत नाही.

प्रत्यक्ष लढाईकडे वळताना ३१ मे १९१६ च्या जटलंडच्या लढाईवर थांबावेच लागते. तिरपी टोपी घालणाऱ्या देखण्या ब्रिटिश अ‍ॅडमिरल बीटीच्या बॅटलक्रूझर जर्मनांशी भिडल्या. या ताफ्यात जलद मारा हीच मर्दुमकी मानली जाई. मारा जलद व्हावा म्हणून दारूच्या पिशव्या बुरुजांत जास्तीच्या रचून ठेवलेल्या आणि कोठारांची दारे उघडी, असे चालले होते. बुरुजावर एक गोळा फुटला, की ज्वाला थेट कोठारापर्यंत. 'इनडिफॅटिगेबल', 'क्वीन मेरी' आणि 'इन्व्हिन्सिबल' तीन स्फोटांत नाहीशा झाल्या, आणि सव्वातीन हजारांहून अधिक माणसे त्यांच्याबरोबर गेली. बीटीचे स्वतःचे 'लायन' वाचले, कारण फुटलेल्या बुरुजात मेजर फ्रान्सिस हार्वे या मरणासन्न अधिकाऱ्याने कोठारात पाणी सोडायचा हुकूम दिला. त्या खोलीत मेलेले खलाशी नंतर सापडले, तेव्हा त्यांचे हात दाराच्या कड्यांवर होते. दार बंद करायला लागणारे धैर्य बाहेरून कोणाला दिसत नाही, त्याचे चित्र कोणी भिंतीवर लावत नाही. हार्वेला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे योग्यच झाले.

याच महायुद्धात 'न्यूझीलंड' या ब्रिटिश बॅटलक्रूझरच्या कप्तानाने लढाईच्या वेळी गणवेशावर माओरी लोकांनी भेट दिलेला पिउपिउ, म्हणजे गवती घागरा, नेसला होता. तो अंगावर असेल तोवर जहाजाला धक्का लागणार नाही अशी त्यांची श्रद्धा होती, आणि खलाशी तो नेसलाय ना, याची खातरजमा करून घेत. पोलादाच्या पोटात बसलेल्या माणसांना धीर हवा होता, आणि त्यासाठी घागरा नेसायला त्या कप्तानाला कसलाही कमीपणा वाटला नाही. पुरुषपणाची ही दुसरी, मोकळी बाजूही त्याच जहाजांवर नांदत होती.

महाराष्ट्राशी या विषयाचा धागा मुंबई बंदरात जुळतो. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी युवराज एडवर्डला घेऊन 'रिनाउन' ही पंधरा इंची तोफांची बॅटलक्रूझर मुंबईला आली. साम्राज्याचे तरुण, देखणे, मर्दानी रूप प्रजेला दाखवायचे, हा दौऱ्याचा हेतू. काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता. परळला परदेशी कापडाची होळी झाली. केवळ दोन महिन्यांपूर्वी मदुराईत गांधींनी पंचा नेसायला सुरुवात केली होती. एकीकडे समुद्रात ते पोलाद, दुसरीकडे उघड्या अंगाचा हा माणूस. बळ म्हणजे काय याची दोन उत्तरे एकाच दिवशी एकाच शहरात होती. पण गोष्ट इतकी सरळ राहिली नाही. शहरात दंगल पेटली, माणसे मेली, आणि गांधींनी उपोषण केले. लोकांना अंगातला राग दाखवायला दगड आणि लाठीच जवळची वाटली. त्या दिवसाचा हा भाग गाळून नुसता विरोधाभास रंगवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

शेवट झपाट्याने आला. २४ मे १९४१ रोजी बिस्मार्कने हूड काही मिनिटांत बुडवले. १,४१८ माणसांपैकी तिघे वाचले. दोनच दिवसांनी कापडी पंखांच्या, उघड्या बैठकीच्या स्वोर्डफिश विमानांनी टाकलेला एक टॉर्पेडो बिस्मार्कच्या सुकाणूपाशी लागला, आणि ज्याला 'तो' म्हणायचे ते जहाज गोल गोल फिरत राहिले. २७ तारखेला ते बुडाले. त्याच वर्षी डिसेंबरात मलायाच्या समुद्रात जपानी विमानांनी ब्रिटनच्या 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' बुडवल्या. विमानांपुढे बॅटलशिप टिकत नाही, हा धडा देणारे जपानीच. तरी त्यानंतर आठवडाभरातच त्यांच्या ताफ्यात दाखल झाली 'यामातो': ४६ सेंटिमीटरच्या नऊ तोफा, एकेक बुरूज अडीच हजार टनांहून जड. नाव देशाचे प्राचीन नाव, नाळीवर सोनेरी शेवंतीचे राजचिन्ह. एवढ्या मोठ्या प्रतीकाला पणाला लावायचे धाडस वरिष्ठांना होईना, आणि ती इतका काळ नांगरून राहिली, की खलाशी तिला 'हॉटेल' म्हणू लागले. एप्रिल १९४५ मध्ये तिला ओकिनावाकडे परतीच्या आशेविना पाठवले. सेनानी इतोने आधी या मोहिमेला विरोध केला होता. उपयोग नाही, हे त्याला आणि त्याच्या कप्तानांना कळत होते. पण सगळे मरत असताना आरमार मागे राहिले असे दिसू नये, म्हणून ती गेली. ७ एप्रिलला अमेरिकन विमानांनी तिला बुडवले. सुमारे तीन हजार माणसे मेली. दिसण्यासाठी बांधलेले जहाज दिसण्यासाठीच बुडवले, असे मी म्हणतो ते पूर्ण विचार करून.

शेवटचे प्रकरण १९८९ चे आहे. त्या वर्षी लाँग बीचला 'मिसुरी' या अमेरिकन बॅटलशिपच्या डेकवर गायिका शेरच्या गाण्याचे चित्रीकरण झाले: झिरझिरीत काळ्या पोशाखात ती सोळा इंची तोफेवर बसलेली, खाली शेकडो खलाशी जल्लोष करताना. तोफ म्हणजे काय, हे तिथे कोणी कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच वर्षी १९ एप्रिलला मिसुरीच्या जुळ्या बहिणीवर, 'आयोवा'वर, दुसऱ्या बुरुजात स्फोट होऊन ४७ खलाशी मेले होते. रेशमी पिशव्यांतली दारू तोफेत ढकलताना तो झाला. आरमाराच्या पहिल्या चौकशीने ठपका ठेवला मेलेल्यांपैकी एका खलाशावर, आणि कारण सुचवले ते दुसऱ्या पुरुषाशी असलेल्या त्याच्या कथित संबंधांचे. पुढे स्वतंत्र शास्त्रज्ञांनी दाखवले, की पिशव्या जास्त जोराने रेटल्या गेल्या तर स्फोट होऊ शकतो. १९९१ मध्ये आरमारप्रमुखांनी त्या खलाशाच्या कुटुंबाची जाहीर माफी मागितली. तोफेत, दारूत, प्रशिक्षणात खोट असू शकते, हे मान्य करण्याआधी एका मेलेल्या पोराचा पुरुषपणा संशयाच्या पिंजऱ्यात उभा करणे संस्थेला सोपे वाटले. या पुस्तकातल्या कुठल्याही लढाईपेक्षा मला हे प्रकरण लिहिणे जड गेले.

मिसुरी ३१ मार्च १९९२ रोजी सेवेतून निवृत्त झाली. त्यानंतर जगातल्या कोणत्याही आरमारात बॅटलशिप कार्यरत नाही. ब्रिटनने आपली एकही जपली नाही, सगळ्या मोडीत काढल्या. जपानात योकोसुकाला 'मिकासा' आहे, बाकीच्या अमेरिकेत. मिसुरी पर्ल हार्बरला, आयोवा लॉस एंजेलिसला, 'न्यू जर्सी' कॅमडेनला पाहता येते. तिकडे राहणाऱ्या किंवा मुलाबाळांकडे जाणाऱ्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे, की त्या जरूर पाहा. तोफांखाली उभे राहून फोटो काढा, कारण दृश्य खरोखर भव्य आहे. मग जिथवर जाऊ देतात तिथवर खाली उतरा: बॉयलरपाशी, गोळ्यांच्या खोलीत, एकावर एक टांगलेल्या बिछान्यांपाशी. मुलगा किंवा नातू बरोबर असेल, तर त्यालाही खाली न्या.